तोलण्याआधीच वजन सांगायचे तर…

पालघर जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेलगत, तलासरी तालुक्यात उधवा हे गाव आहे. समजा, तेथील शाळेत एका शिक्षकांनी मुलांपुढे तराजू मांडला आणि डहाणू-घोलवडकडचे तीन चिकू एकेक करून तोलले. मग तिन्ही चिकू एका पिशवीत घातले आणि विचारले, "आता पिशवीचे वजन किती भरेल?" मुले तिन्ही वजनांची बेरीज करतील, त्यात रिकाम्या पिशवीचे वजन मिळवतील आणि आकडा सांगतील. तराजूने वेगळा आकडा दाखवला, तर तराजूच बिघडला असे सर्वजण म्हणतील.

आता चिकूंऐवजी क्वार्क घेऊ. प्रोटॉनमध्ये दोन 'अप' आणि एक 'डाउन' असे तीन क्वार्क असतात, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मूलकणांचे वस्तुमान दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे एमईव्ही, या एककात सांगतात. अप क्वार्कचे वस्तुमान सुमारे २ आणि डाउनचे सुमारे ५ एमईव्ही आहे. बेरीज झाली ९. पण प्रोटॉनचे वस्तुमान आहे ९३८! शंभरातला एकच भाग क्वार्कचा, बाकी सगळी 'पिशवी'. ही पिशवी म्हणजे क्वार्कांची हालचाल आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांची ऊर्जा. आइन्स्टाइनच्या समीकरणानुसार ऊर्जेलाही वस्तुमान असतेच.

मग प्रश्न असा की, अजून कोणीही न पाहिलेल्या कणाचे वस्तुमान आधीच सांगता येईल काय? साधी बेरीज तर येथे चालत नाही. तरीही असे भाकीत करता येते, आणि त्यातला बराचसा भाग शाळेच्या फळ्यावर, खडू आणि साध्या अंकगणिताच्या आधारे करून दाखवता येतो. तेच आम्ही येथे करणार आहोत.

समान पायऱ्यांचा जिना

सुरुवात एका जुन्या उदाहरणाने करू. १९६२ साली पुढील तीन प्रकारचे कण माहीत होते: डेल्टा (१२३२ एमईव्ही), सिग्मा-तारा (१३८५) आणि क्साय-तारा (१५३३). आजच्या भाषेत सांगायचे तर डेल्टात तिन्ही क्वार्क हलके असतात. त्यांतील एक काढून त्या जागी जरा जड असा 'स्ट्रेंज' क्वार्क घातला की सिग्मा-तारा होतो, आणि दोन घातले की क्साय-तारा. पायऱ्यांमधले अंतर काढून पाहा: एक १५३, दुसरे १४८. तिन्ही क्वार्क स्ट्रेंज असलेला कण असला, तर तो आणखी सुमारे दीडशेने वर, म्हणजे १६८० च्या आसपास असायला हवा. अमेरिकन शास्त्रज्ञ मरे गेल-मान यांनी १९६२ मध्ये नेमके हेच भाकीत केले. तेव्हा क्वार्कची कल्पनाही मांडली गेली नव्हती. गेल-मान केवळ सममितीच्या नियमाने चालले होते. १९६४ च्या आरंभी ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत ओमेगा-ऋण हा कण सापडला. त्याचे वस्तुमान १६७२ एमईव्ही.

यातून पहिला धडा मिळतो. क्वार्कचे मूळ वस्तुमान बाजूला ठेवून 'भोवतालच्या ग्लुऑनसह त्याचे वस्तुमान' धरले, तर बेरीज-वजाबाकीला पुन्हा अर्थ येतो. नारळ सोलून न तोलता सोडणासकट तोलावा, तसे हे आहे. या वस्तुमानाला आपण 'परिणामी वस्तुमान' म्हणू.

स्पिनचा वाटा

पण एवढ्याने भागत नाही. एका डेल्टामध्ये प्रोटॉनप्रमाणेच दोन अप आणि एक डाउन क्वार्क असतात. तरी प्रोटॉन ९३८ आणि डेल्टा १२३२! हा २९४ चा फरक स्पिनमुळे पडतो. कण जणू भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो, अशा कल्पनेवरून स्पिन हे नाव पडले. प्रत्यक्षात तो कणाचा अंगभूत गुणधर्म आहे. डेल्टात तिन्ही क्वार्कांचे स्पिन एकाच दिशेने असतात, प्रोटॉनमध्ये तसे नसतात. स्पिनमुळे प्रोटॉनचे वस्तुमान जेवढे घटते तेवढेच डेल्टाचे वाढते, असे गणित सांगते. म्हणजे दोहोंची सरासरी काढली की स्पिनचा परिणाम निघून जातो. सरासरी आली १०८५. तिला तीनने भागले की हलक्या क्वार्कचे परिणामी वस्तुमान मिळते: सुमारे ३६२ एमईव्ही. आणि स्पिनचा वाटा झाला २९४ च्या निम्मा, म्हणजे १४७.

क्वार्क जड असेल, तर स्पिनचा परिणाम कमी होतो. हे मोजमापांतूनच दिसते. 'चार्म' क्वार्क असलेले डी आणि डी-तारा हे कण केवळ स्पिनच्या मांडणीत वेगळे आहेत. त्यांच्यातील फरक सुमारे १४२ एमईव्ही आहे. 'बॉटम' क्वार्क असलेल्या बी आणि बी-तारा यांच्यात तो केवळ ४५ आहे. १४२ ला ४५ ने भागले की सुमारे ३.२ येतात. बॉटमचे परिणामी वस्तुमान चार्मच्या जवळपास तिप्पट आहे! क्वार्क तिप्पट जड झाला की स्पिनचा परिणाम एक-तृतीयांश होतो. जड क्वार्क भौतिकशास्त्रज्ञांना का आवडतात, ते येथे कळते. ते सावकाश चालतात, त्यांच्यावरील स्पिनचा परिणाम लहान असतो आणि त्यामुळे हिशेब आटोक्यात राहतो.

एक वादग्रस्त आकडा

आता खऱ्या परीक्षेकडे वळू. दोन चार्म आणि एक हलका क्वार्क असलेला कण क्वार्क सिद्धान्तानुसार असायलाच हवा होता. त्याचे नाव क्साय-सीसी. २००२ मध्ये अमेरिकेतील फर्मीलॅबमधल्या सेलेक्स या प्रयोगगटाने असा कण दिसल्याचे जाहीर केले आणि त्याचे वस्तुमान ३५१९ एमईव्ही दिले. इतर प्रयोगांनी शोध घेतला, पण कोणालाही तो दिसेना. इकडे सिद्धान्ताचे हिशेब ३६०० च्या पुढे जात होते. शंभर एमईव्हीची तफावत! प्रयोग चुकला की हिशेब?

२०१४ मध्ये तेल अवीवचे मारेक कार्लिनर आणि शिकागोचे जोनाथन रोस्नर यांनी हा हिशेब पुन्हा मांडला. त्यांच्या पद्धतीचा गाभा आपण फळ्यावर करून पाहू. वापरायचे सर्व आकडे आधीच मोजलेल्या कणांचे आहेत.

पहिली पायरी: चार्म क्वार्कचे परिणामी वस्तुमान. एक अप, एक डाउन आणि एक चार्म मिळून लॅम्डा-सी हा कण होतो. त्याचे वस्तुमान २२८६. त्यातून दोन हलके क्वार्क, म्हणजे ७२४, वजा करा. या कणात हलक्या जोडीच्या विरुद्ध स्पिनमुळे १४७ घटलेले असतात, ते परत मिळवा. उत्तर १७०९. म्हणून दोन चार्म आणि एक हलका क्वार्क यांची बेरीज होते दोन गुणिले १७०९ अधिक ३६२, म्हणजे ३७८०.

दुसरी पायरी: दोन जड क्वार्कांचे आपसातील बंधन. दोन जड क्वार्क एकमेकांच्या फार जवळ येतात आणि घट्ट बांधले जातात. घट्ट बांधणे म्हणजे ऊर्जा बाहेर टाकणे, म्हणजेच वस्तुमान घटणे. किती घटते? यासाठी चार्म आणि प्रति-चार्म यांच्या जोडीकडे पाहू. १९७४ मध्ये सापडलेला जे/साय (३०९७) आणि त्याचा जोडीदार ईटा-सी (२९८४) यांची सरासरी काढताना पहिल्याला तिप्पट वजन द्यावे लागते, कारण त्याच्या स्पिनच्या तीन अवस्था असतात आणि दुसऱ्याची एकच. सरासरी येते ३०६९. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीला मेसॉन म्हणतात. मेसॉनमध्ये चार्मचे परिणामी वस्तुमान थोडे कमी, १६६३, भरते. डी आणि डी-तारा यांच्यावरून ते काढता येते. दोन चार्मचे झाले ३३२६. म्हणजे बंधनाने २५७ घटले. चार्म आणि चार्म यांच्यातील आकर्षण चार्म आणि प्रति-चार्म यांच्यातील आकर्षणाच्या निम्मे असते, असे मानले, तर आपल्या कणात सुमारे १२९ घटतील.

तिसरी पायरी: स्पिनच्या दोन लहान दुरुस्त्या. जे/साय आणि ईटा-सी यांच्यातील ११३ चा आठवा भाग, म्हणजे १४, मिळवायचा. सिग्मा-सी (२४५४) आणि सिग्मा-सी-तारा (२५१८) यांच्यातील ६४ चा दोन-तृतीयांश, म्हणजे ४३, वजा करायचा. हे अपूर्णांक स्पिनच्या गणितातून येतात. ते येथे सिद्ध करण्याइतकी जागा नाही.

आता मांडा: ३७८० – १२९ + १४ – ४३ = ३६२२.

कार्लिनर आणि रोस्नर यांनी आकडे आपल्यापेक्षा काटेकोरपणे काढले. त्यांचे उत्तर आले ३६२७, आणि त्यांनी सोबत लिहिले: अधिक-उणे १२. सेलेक्सचा आकडा या मर्यादेच्या कितीतरी बाहेर होता. तरीही त्याला जुळवून घेण्यासाठी त्यांनी आपला हिशेब वाकवला नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसीबी गटाने दोन चार्म आणि एक अप असलेला कण जाहीर केला. वस्तुमान ३६२१.४ एमईव्ही. अप आणि डाउन यांच्या अदलाबदलीने काही एमईव्हींचाच फरक पडतो, शंभराचा नव्हे. त्यामुळे ३५१९ हा आकडा आता टिकणे अवघड झाले.

आपल्या ३६२२ चा मेळ मात्र काहीसा नशिबाचा आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. 'निम्मे आकर्षण' हे गृहीतच थोडे चुकीचे असू शकते. अधिक-उणे १२ हा आकडा त्याचीच कबुली आहे. ज्या भाकितासोबत त्याच्या चुकीची मर्यादा लिहिलेली नसते, ते भाकीत तपासताच येत नाही.

उंबरठ्यावरचे पाहुणे

वर आलेले कण एक तर तीन क्वार्कांचे होते किंवा क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे. पण चार किंवा पाच क्वार्कही एकत्र राहू शकतात काय? सिद्धान्त त्याला मनाई करत नाही. २००३ मध्ये जपानमधील बेल या प्रयोगात ३८७२ एमईव्हीचा एक विचित्र कण सापडला. तो साध्या जोडीच्या हिशेबात बसेना. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, गटही या प्रयोगात सहभागी होता. तेव्हापासून अशा आगळ्या कणांची यादी वाढतच गेली. एलएचसीबीने २०१५ मध्ये पाच क्वार्कांचे कण आणि २०२० मध्ये चार चार्म क्वार्कांची रचना जाहीर केली.

अशा कणाबाबत वस्तुमानाचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. चार क्वार्कांचा कण सहज दोन मेसॉनांत मोडू शकतो. त्या दोन मेसॉनांच्या वस्तुमानांची बेरीज म्हणजे 'उंबरठा'. कणाचे वस्तुमान उंबरठ्याच्या वर असेल, तर तो लगेच फुटतो. खाली असेल, तर तसे फुटण्याइतकी ऊर्जाच त्याच्याकडे नसते. दहा रुपये नसतील तर दहा रुपयांची वस्तू घेता येत नाही, इतके हे सरळ आहे.

दोन चार्म आणि दोन हलके प्रतिक्वार्क यांच्या 'टी-सीसी' या कणासाठी उंबरठा आहे ३८७५.१. कार्लिनर आणि रोस्नर यांचे २०१७ चे भाकीत होते ३८८२, अधिक-उणे १२. म्हणजे वर की खाली, हे त्यांना ठरवता येईना. २०२१ मध्ये एलएचसीबीला हा कण सापडला, तो उंबरठ्याच्या केवळ ०.३६ एमईव्ही खाली! भाकीत मर्यादेत बसले, पण मुख्य प्रश्नाचे उत्तर देण्यास ते पुरे पडले नाही. त्यासाठी अधिक खोल पद्धत हवी.

मुंबईतील हिशेब

ही पद्धत म्हणजे 'लॅटिस', मराठीत जालक. केनेथ विल्सन यांनी ती १९७४ मध्ये मांडली. तीत परिणामी वस्तुमान, निम्मे आकर्षण यांसारखी गृहीते धरायची नसतात. प्रबल बलाच्या मूळ समीकरणांपासूनच सुरुवात करायची. ती समीकरणे कागदावर सुटत नाहीत. म्हणून अवकाश आणि काळ यांची चौकटीच्या वहीसारखी जाळी कल्पायची. क्वार्क गाठींवर आणि ग्लुऑन गाठी जोडणाऱ्या रेषांवर ठेवायचे. महासंगणक ग्लुऑनांच्या असंख्य मांडण्या तयार करतो आणि त्यांची सरासरी काढतो. नंतर जाळीची घरे लहान-लहान करत नेऊन, घराचा आकार शून्य झाला तर उत्तर काय येईल, याचा अंदाज घ्यायचा.

उधव्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, मुंबईत कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये हे काम अनेक वर्षे चालू आहे. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेतील नीलमणी माथुर, तेथेच पीएच.डी. करणारे एम. पद्मनाथ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी २०१३ मध्ये ओमेगा-सी या कणाच्या उत्तेजित अवस्थांची वस्तुमाने संगणकाने काढली होती. २०१७ मध्ये एलएचसीबीला ३००० ते ३११९ एमईव्ही या टप्प्यात अशा पाच अवस्था एकदमच सापडल्या. प्रयोगाने वस्तुमाने दिली, पण प्रत्येकीचे स्पिन किती ते सांगितले नव्हते. पद्मनाथ आणि माथुर यांनी आपल्या हिशेबाशी ताळा करून कोणत्या अवस्थेचे स्पिन किती असावे, हे सुचवले.

२०१८ मध्ये सौरव मंडल यांच्यासह या दोघांनी चार्म आणि बॉटम हे दोन्ही क्वार्क असलेल्या कणांची वस्तुमाने दिली. यांतील एकाच कणाचे वस्तुमान तेव्हा प्रयोगातून माहीत होते. हिशेब त्याच्याशी जुळतो हे दाखवायचे आणि मग बाकीच्यांचे आकडे प्रयोगांपुढे ठेवायचे, अशी ही रीत आहे. २०२३ मध्ये या गटाने सहा बॉटम क्वार्कांचा एक कण असू शकतो आणि तो उंबरठ्याच्या सुमारे ८९ एमईव्ही खाली असेल, असे भाकीत केले. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून होणाऱ्या ड्यूटेरॉनचे बंधन केवळ २.२ एमईव्ही असते, हे लक्षात घेतले म्हणजे ८९ चा अर्थ कळेल.

अजून न तोललेले वजन

आता एका उघड्या प्रश्नाने शेवट करू. टी-सीसीमधील दोन चार्मच्या जागी दोन बॉटम घातले तर? क्वार्क जड, म्हणून ते एकमेकांच्या अधिक जवळ आणि बंधन अधिक घट्ट. टी-बीबीचा उंबरठा १०६०४ एमईव्ही आहे. कार्लिनर आणि रोस्नर यांच्या हिशेबाने हा कण १०३८९ ला, म्हणजे उंबरठ्याच्या २१५ खाली, असावा. टीआयएफआरमध्ये परीक्षित जुन्नरकर, माथुर आणि पद्मनाथ यांनी लॅटिसने काढलेले अंतर १४३, अधिक-उणे ३४, असे आले. कण उंबरठ्याच्या बराच खाली असणार, यावर दोन्ही पद्धतींचे एकमत आहे. किती खाली, यावर नाही. असा कण प्रबल बलाने मुळीच फुटू शकणार नाही. तो केवळ क्षीण बलाने, सावकाश, क्षय पावेल. २०२४ पर्यंत तरी तो कोणाला सापडलेला नव्हता. दोन बॉटम एकाच वेळी आणि शेजारी-शेजारी निर्माण होणे फार दुर्मिळ असते.

उधव्याच्या शाळेत किंवा आपल्या शाळेत त्वरक यंत्र येणार नाही. पण तराजू, फळा आणि खडू आहेत. आमची सूचना अशी: वर्गात ओमेगा-ऋणचा जिना काढावा, शेवटची पायरी रिकामी ठेवून प्रत्येक मुलाला स्वतःचा आकडा आणि सोबत चुकीची मर्यादा वहीत लिहायला लावावी, आणि मगच १६७२ हा आकडा सांगावा. वरच्या वर्गात क्साय-सीसीचा हिशेब करून घ्यावा. शेवटी टी-बीबीसाठी १०३८९ (अधिक-उणे १२) आणि १०४६१ (अधिक-उणे ३४) हे दोन्ही आकडे तारखेसह वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगावेत. एखाद्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येईल, तेव्हा वही उघडून कोणाचा हिशेब खरा ठरला ते त्या मुलांना स्वतःच पाहता येईल.